पोत्यांच्या काट्यावर

फेब्रुवारी लागला की नांदेडच्या चौकाचौकात हिरव्या हरभऱ्याचे ढाळे गाड्यावर येतात, आणि माझं डोकं फिरतं. या दिवसांवर लोक किती प्रेमानं बोलतात. सकाळचा उरलासुरला गारवा, दुपारचं नुकतंच टोचायला लागलेलं ऊन, रस्त्याकडेला पेटलेला पळस, रानात काढणीला आलेली ज्वारी. मला यातलं काही गोड लागत नाही. हा परीक्षेचा मोसम आहे आणि माझं त्याच्याशी भांडण आहे. ते मिटलेलं नाही, आणि मिटवायची मला घाईही नाही.

मी एका तपासणी प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करते. सकाळी स्कूटीवरून जाताना वाटेत फलक लागतात. एका फलकावर क्लासमधल्या पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, ओळीनं, सगळे सारख्याच आकाराचे, सारखेच दमलेले. त्याच खांबाला खाली दुसरा फलक बांधलेला असतो: महिनाभरात पोट सपाट, हमखास. मला ते दोन्ही एकाच माणसानं लावल्यासारखे वाटतात. दोघांचं म्हणणं एकच की तू आत्ता आहेस तशी चालणार नाहीस.

आई गेली तेव्हा मी आठवीत होते. पप्पा मूळचे भोकरकडचे, नांदेडला सरकारी कचेरीत कारकून. त्यांना दुःख बोलून दाखवता येत नव्हतं. ते वाढायचे. कचेरीतून आले की सदऱ्याच्या बाह्या वर करून चुलीपुढं बसायचे आणि आईच्या हातचं जे जे आठवेल ते करून बघायचे. त्यांचं वरण कधी पातळ, कधी पिठल्यासारखं घट्ट व्हायचं, पण त्यावर तूप मात्र सढळ हातानं पडायचं. अर्धापूरच्या केळ्यांचा फणा घरात कायम टांगलेला असायचा. मी एक केळ खाल्लं की ते दुसरं सोलून हातात द्यायचे, आणि मी घ्यायचे, कारण मी घेतलं की त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल व्हायची. तीन वर्षांत मी चांगलीच जाड झाले. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. आमच्या घरात त्याला जाड होणं म्हणत नव्हते, जेवणं म्हणत होते.

अकरावी नांदेडला झाली. मी अकरावीत असतानाच तो भूकंप झाला. आमच्याकडं भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली आणि परत घरात गेली. लातूरकडची गावंच्या गावं मात्र बसली. पण त्याच काळात लातूरच्या क्लासेसचं नाव गावोगाव पोचलं होतं. एकीकडं पत्र्याच्या शेडमध्ये माणसं राहायली होती आणि दुसरीकडं गल्लोगल्ली पत्र्याच्याच शेडमध्ये भौतिक आणि रसायनाचे वर्ग भरायले होते. पोरगी डॉक्टर झाली पाहिजे, असं पप्पांनी ठरवलं. बारावीला माझं नाव लातूरला घातलं आणि मला कमलआत्याकडं ठेवलं. आत्या म्हणजे त्यांची सख्खी बहीण. आईविना पोरीला परक्याच्या घरी ठेवायला नको, एवढाच त्यांचा विचार होता.

आत्याचं घर दोन खोल्यांचं होतं. भिंतींना भूकंपानं चिरा पडल्या होत्या. त्या सिमेंटनं बुजवल्या होत्या, पण वरून चुना मारला नव्हता, त्यामुळं भिंतीवर करड्या नद्या काढल्यासारख्या दिसायच्या. आत्याचे मालक, म्हणजे आमचे मामा, ग्रामसेवक. ते पडलेल्या गावांत ड्युटीवर असायचे, रविवारी यायचे आणि काही न बोलता जेवून झोपायचे. आत्या आणि तिची दोन लहान लेकरं एवढीच घरात. जमीन अजून अधूनमधून हलायची. कुणी दार आपटलं तरी आत्या लेकरांना धरून अंगणात पळायची.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी मी क्लासची पिशवी खांद्याला लावून निघाले होते, आत्याची लेकरं माझ्या मागं खेळत होती. एकाएकी फळीवरची भांडी वाजली आणि पायाखालून काहीतरी सरकत गेलं. मी दाराकडं धावले. दार अरुंद होतं, पिशवीचा बंद कडीत अडकला, मी अडकले, आणि लेकरं माझ्या पाठीमागं राहिली. दोन श्वासांचा खेळ होता. बंद तुटला, मी बाहेर पडले, लेकरंही आली. धक्का तोवर थांबला होता. सगळी गल्ली बाहेर उभी होती. आत्यानं दोन्ही लेकरं पोटाशी धरली, माझ्याकडं पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तू पुढं असल्यावर माझी लेकरं कुठून निघायची, सुजे? दार बुजवून टाकतीस तू."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कुणीतरी हसलं, कुणीतरी पदर तोंडाला लावला. मी क्लासला गेले. सेंद्रिय रसायनाचा तास होता. पाच जणींच्या बाकावर आम्ही चारच बसायचो, कारण मी होते. त्या दिवशी मी मांड्या आवळून बाकाच्या टोकावर बसले आणि ठरवलं की मी मावेन. दारात, बाकावर, कपड्यात, सगळीकडं मावेन.

दोनच दिवसांनी आत्यानं मला तोलायला नेलं. घरी काटा नव्हता. बाजारात तिच्या ओळखीची भुसाराची अडत होती, तिथं तुरीची पोती तोलायचा लोखंडी काटा होता. हमाल बाजूला उभे राहिले आणि मी पोत्यांच्या जागी उभी राहिले. मुनीमजींनी वजनं सरकवली आणि आकडा मोठ्यानं वाचला, जसा पोत्याचा वाचतात तसा. बहात्तर. एक हमाल म्हणाला, पाऊण पोत्याला जरा कमी आहे. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता, तो खरंच हिशोब सांगत होता. आत्या म्हणाली, दर पंधरा दिवसांनी आणते. आणि तिनं खरंच आणलं.

सुरुवातीला आत्यानं भात बंद केला, मग तूप, मग रात्रीची भाकरी. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी, दुपारी अर्धी भाकरी आणि बिनतेलाची भाजी. ही सगळी तिनं कुठल्या बायकांकडून ऐकून आणलेली विद्या होती. अंगात काय जायला पाहिजे हे त्या विद्येत कुठंच नव्हतं, काय जायला नको तेवढंच होतं. मी तिच्याही पुढं गेले. डब्यातली अर्धी भाकरी क्लासमागच्या उकिरड्यावर शेळ्यांना घालायला लागले. भूक लागली की गार पाणी प्यायचं, अजून लागली की चिंचोका तोंडात धरायचा. थंडीत ढाळ्यांचे गाडे लागले. मैत्रिणी पेंडी विकत घेऊन सोलत बसायच्या. मी दहा दाणे मोजून घ्यायचे, आणि अकरावा तोंडात गेला तर दुसऱ्या दिवशी काहीच खायचे नाही. हरभऱ्याच्या आंबट खारानं बोटं चिकट व्हायची. ती बोटं मी चाटत बसायचे आणि मग मला स्वतःची किळस यायची.

आणि लोक कौतुक करायचे. हे मी कधीच विसरणार नाही. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, पण त्या उपाशी महिन्यांत मला मिळालं तेवढं कौतुक पुन्हा कधी मिळालं नाही. ज्या बायका पदराआड हसल्या होत्या त्याच थांबवून विचारायच्या, काय केलंस गं? क्लासमधल्या पोरी माझ्याकडं बघून डबे झाकायला लागल्या. आत्या तर अडतीवरून येताना मला हाताला धरून आणायची, इतकी खूश. आकडा घसरला की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघायला मी आतुर असायचे. आईनंतर माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. त्या बघण्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि करतच होते.

त्या दिवाळीला मी नांदेडला गेले नाही. जादा तास आहेत म्हणून पप्पांना कळवलं. ते खोटं होतं. पप्पा ताट वाढतील याची मला भीती वाटायची.

डिसेंबरात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. भर दुपारी उन्हात बसूनही बोटं निळी पडायची. पाळी बंद झाली, आणि मला वाटलं, चला, एक कटकट गेली, अभ्यासाला वेळ मिळेल. अभ्यास मात्र होत नव्हता. एकच ओळ चारदा वाचायची आणि पाचव्यांदा पुस्तक मिटायचं. घोकलेली समीकरणं सकाळी डोक्यात असायची आणि दुपारपर्यंत गळून जायची. मला वाटायचं मी आळशी आहे, म्हणून मी अजून एक घास कमी करायचे. डोकंही खाण्यावरच चालतं, हे जीवशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं होतं. मी ते पाठ केलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी रशीदा खालांचं घर होतं. नवरा वारलेला, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कॉलेजच्या पोरींचे ड्रेस शिवून त्यांनी संसार ओढला. गळ्यात कायम माप घ्यायची पट्टी आणि तोंडात सुपारी. स्वभावानं तिखट बाई. पोरी त्यांना घाबरायच्या. माझा क्लासचा निळा ड्रेस सैल झाला की मी त्यांच्याकडंच टाचून घ्यायला न्यायचे. दिवाळीच्या आधी एकदा, दिवाळीनंतर एकदा, नाताळाच्या सुमारास एकदा. त्या गुमान टाचून द्यायच्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, प्रॅक्टिकलच्या तोंडावर, मी चौथ्यांदा गेले.

खालांनी पट्टी माझ्या कमरेला लावली, मग दंडाला. दंडाला त्यांनी आधी कधी लावली नव्हती. मग मापाची वही काढून मागची पानं उलटली, पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि ड्रेस माझ्या हातात परत दिला.

"हा कपडा मी आता टाचणार न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरगी आटायली अन् मी कपडा आटवत बसू? मला ते पाप नको. जा, काही खा, मग ये."

मी म्हणाले, तुम्हाला शिवायचं नसेल तर दुसरीकडं देते. त्या म्हणाल्या, दे. मी म्हणाले, तुम्ही स्वतः जाड आहात म्हणून तुम्हाला बघवत नाही. हे मी खरंच म्हणाले. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि मशीनचं चाक फिरवायला लागल्या. संध्याकाळी त्या आत्याकडं आल्या. दारातच दोघींचं वाजलं. पोरीचा रंग बघा, खाला म्हणत होत्या, पोरीच्या नखांकडं बघा. आमच्या घरचं आम्ही बघू, आत्या म्हणत होती, लोकांना आमची पोरगी चांगली दिसलेली खपत न्हाई. मी आत बसून आत्याच्या बाजूनं होते. खालांचा मला इतका राग आला होता की त्या रात्री मी अर्ध्या भाकरीलाही हात लावला नाही.

तीन दिवसांनी रसायनाचं प्रॅक्टिकल होतं. ब्युरेटमध्ये द्रावण भरायचं, थेंब थेंब सोडायचं आणि रंग बदलला की थांबायचं. मला गुलाबी रंग आलेला आठवतो. तो काचेतला होता की डोळ्यांपुढचा, ते सांगता येत नाही. काच फुटल्याचा आवाज मी खालून ऐकला, म्हणजे तोवर मी फरशीवर होते. परीक्षक चांगला माणूस होता. त्यानं रिक्षा करून मला घरी पाठवलं. आत्या म्हणाली, टेन्शन घेतलं पोरीनं. लिंबूपाणी दिलं.

रशीदा खालांनी ते गल्लीत ऐकलं. माझ्या क्लासच्या फॉर्मची एक प्रत त्यांच्याकडं होती, ड्रेस शिवायला टाकताना ओळख म्हणून दिलेली. तिच्यावर पप्पांच्या कचेरीचा नंबर होता. त्या चौकातल्या एसटीडी बूथवर गेल्या आणि फोन लावला. काय बोलल्या ते मला पप्पांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, साहेब, पोरगी पाहिजे असेल तर आज या, मार्कशीट पाहिजे असेल तर उन्हाळ्यात या.

पप्पा दुपारच्या एसटीनं आले. मी सतरंजीवर पडले होते. त्यांनी मला ओळखलं, पण ओळखायला त्यांना वेळ लागला. तो वेळ मी पाहिला. मग ते माझ्याजवळ बसले आणि माझा हात हातात घेऊन मनगट बघत राहिले.

"काय करून राहिलीस तू स्वतःचं?" ते म्हणाले.

मी म्हणाले, पप्पा, मी आता एकोणपन्नास आहे. अभिमानानं म्हणाले.

आत्यानं चहा पुढं केला आणि सांगायला लागली की पोरगी आधी कशी होती, तिनं किती मेहनत घेतली, आता उद्या स्थळं येतील तेव्हा बघा. पप्पा बहिणीला कधी उलटून बोललेले मी पाहिले नव्हते. धाकटी बहीण, तिला त्यांनीच शिकवलेलं. ते उठले आणि माझी पुस्तकं पिशवीत भरता भरता म्हणाले, "कमल, मी पोरगी शिकायला ठेवली होती. तोलायला नाही."

आत्या रडली. पप्पांनी चहा घेतला नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी रशीदा खालांना हात जोडले. मी मान फिरवून उभी राहिले. माझी परीक्षा बुडणार होती, वर्ष जाणार होतं, आणि माझ्या मते ते त्या बाईनं केलं होतं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. त्यांनी मला तपासलं, रक्त काढायला लावलं आणि पप्पांना बाहेर न बसवता माझ्यासमोरच बोलल्या. अंगावरची चरबी संपल्यावर शरीर थांबत नाही, ते मांस खायला लागतं. हृदयसुद्धा मांसच आहे. एवढं सांगून त्या मला म्हणाल्या, "वजन कमी करायला कुणी नको म्हटलं नाही. पण तू ते वर्षभरात, खाऊन, चालून केलं असतंस तर मी तुझी पाठ थोपटली असती. हे तू जे केलंस त्यासाठी मी तुला नावं ठेवणार नाही. तू लहान आहेस."

बरं होणं ही काही सुंदर गोष्ट नव्हती. पुस्तकांत लिहितात तसं मी मऊ भाताचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, असं काही झालं नाही. मला अन्नाचा तिरस्कार वाटायचा. दर तीन तासांनी थोडं थोडं द्या, एकदम भरवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पप्पांनी महिनाभराची रजा टाकली. ताक, मुगाचं वरण, मऊ भात, मग ज्वारीची भाकरी, उकडलेलं अंडं. एका दुपारी मी ताट भिंतीवर फेकलं. वरण भिंतीवरून ओघळत होतं. पप्पांनी भिंत पुसली, फरशी पुसली, ताट धुतलं आणि पुन्हा वाढून आणलं. ते दमले होते. तेव्हा ते म्हणाले की तुझं नाव आम्ही काय म्हणून ठेवलं ते तुला माहीत आहे. माहीत होतंच. आम्हा बौद्धांत हे नाव घरोघरी आहे. उपासानं हाडांचा सापळा झालेल्याला जिनं खिरीची वाटी दिली ती सुजाता. त्यानं ती खीर घेतली, आणि बरोबरचे तपस्वी त्याला सोडून गेले, की हा बाटला म्हणून. आपल्याला तो त्या खिरीच्या अलीकडं नाही, पलीकडं सापडला, पप्पा म्हणाले. मला तेव्हा ही गोष्ट ऐकून संताप आला. मी म्हणाले, मला गोष्टी सांगू नका. पण मी ताटातलं अर्धं खाल्लं.

बोर्डाची परीक्षा मी पुढच्या वर्षी नांदेडहून दिली. मार्क बरे पडले. डॉक्टर होण्याइतके पडले नाहीत. मी प्रयोगशाळेचा कोर्स केला आणि सुया, नळ्या, पेशींचे आकडे यांत रमले. केस परत आले, आधीसारखे दाट कधीच नाहीत. पाळी ताळ्यावर यायला दोन वर्षं लागली. लग्नानंतर मूल व्हायला त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी जुना इतिहास विचारला आणि मी तो नवऱ्यासमोर सांगितला. त्या एका मोसमाची वसुली किती वर्षं चालली हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं.

नोकरी लागल्यावर मी लातूरला गेले. खालांच्या मशीनजवळ तसाच कापडांचा ढीग पडलेला होता. माफी मागायची होती, पण तोंडातून शब्द फुटला तो ड्रेस शिवायचाय एवढाच. त्यांनी गळ्यातली पट्टी काढली आणि माप घेतलं. दंडाला पट्टी लावून जरा थांबल्या. मग वहीत आकडा लिहिता लिहिता म्हणाल्या, "हां. आता शिवते." तो ड्रेस मी फाटेपर्यंत वापरला.

चाळिशीत माझी साखर हद्दीवर आली आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. मी घरी येऊन खोलीचं दार लावून बसले. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच दोन शब्द. मला माझीच भीती वाटत होती. आहार सांगणाऱ्या एका बाईंकडं गेले तेव्हा मी आधीच सांगितलं की मला काय खायचं ते सांगा, काय सोडायचं ते विचारायला मी आलेली नाही. त्या हसल्या, आणि मग त्यांनी खरंच तशी यादी केली. ज्वारीची भाकरी राहिली, वरण वाढलं, रोज एक पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, अंडी. भात राहिला, फक्त वाटी ठरली. बाहेरचं तळलेलं कमी झालं, वेळेवर झोप आली. सकाळी मी आणि पप्पा गोदावरीच्या घाटाकडं चालायला जायचो. ते म्हातारे झाले होते, त्यामुळं आमचा वेग त्यांच्या गुडघ्यांचा वेग होता. काटा महिन्यातून एकदाच, तोही दवाखान्यात. दीड वर्षात नऊ किलो उतरले. कुणी रस्त्यात थांबवून विचारलं नाही, काय केलंस गं म्हणून. इतक्या हळू झालं की कुणाला दिसलंच नाही. साखर मात्र जागेवर आली आणि जिने चढताना धाप लागायची थांबली.

म्हणून कुणी मला म्हणतं की तू वजन कमी करण्याच्या विरोधात बोलतेस, तेव्हा मला चीड येते. मी विरोधात नाही. मी ते केलेलं आहे. माझं वैर दुसऱ्याच गोष्टीशी आहे. परीक्षेच्या तोंडावर पोरीच्या ताटातली भाकरी मोजणाऱ्या हाताशी आहे. पंधरा दिवसांत, महिनाभरात, लग्नाच्या आत असे शब्द विकणाऱ्यांशी आहे. प्रयोगशाळेत खुर्चीवर कोपर टेकवून बसलेल्या, शीर सापडत नाही इतक्या वाळलेल्या पोरीच्या शेजारी उभं राहून, हिनं की नाही खूप कंट्रोल केलंय, असं कौतुकानं सांगणाऱ्या आयांशी आहे. त्यांच्याशी मी गोड बोलत नाही. माझ्याबद्दल तक्रारीही गेल्या आहेत.

गेल्या आठवड्यात कमलआत्या आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथंच करायचं होतं. त्याआधी रक्त तपासायचं, म्हणून पहाटेच लातूरहून निघालेली, उपाशीपोटी. मामा गेले, लेकरं पुण्याला. ती आता काडीसारखी झाली आहे. रक्त मीच काढलं. घरी आणून पलंगावर बसवलं आणि मी स्वयंपाकाला लागले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, जरा सुटलीस गं परत.

मी गॅस बंद केला. एवढी वर्षं लग्नात, बारशात, मयतीत आम्ही भेटलो होतो आणि मी कधी काही बोलले नव्हते. त्या दिवशी तिच्यासमोर बसून बोलले. त्या वर्षाचं सगळं, पहिल्यापासून. आवाज चढवला नाही. ती ऐकत होती. एका डोळ्यानं तिला नीट दिसत नाही, म्हणून मान वाकडी करून ऐकत होती.

"मी असं बोलले?" ती म्हणाली. "मला न्हाई आठवत, सुजे."

मला आठवतं, मी म्हणाले.

मग ती म्हणाली की त्या वर्षाचं तिला काहीच नीट आठवत नाही. मामा शेडमधून यायचे, कपड्यांना वास यायचा, ते काही सांगायचे नाहीत. तिला सारखं वाटायचं की आपलं घर पडणार, आपलीच लेकरं सापडणार नाहीत. "माझ्या हातात काहीच नव्हतं बघ तवा. तुझं वजन तेवढं कमी व्हायलं होतं."

तिनं माफी मागितली नाही. मागितली असती तरी मी काय केलं असतं, मला माहीत नाही. ती खरं बोलत होती हे मला कळलं, आणि त्यानं माझा राग तसूभरही कमी झाला नाही, हेही कळलं. तिच्या भीतीला मी सापडले होते. भीती तिची होती, शरीर माझं होतं.

बारा वाजून गेले होते आणि तिच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. मी पुन्हा गॅस पेटवला. दोन भाकऱ्या टाकल्या, मेथीची भाजी परतली, वरणाला फोडणी दिली. ताट वाढून तिच्यापुढं ठेवलं. ती एक भाकरी परत ठेवायला लागली, एवढं नको म्हणाली. मी ती परत तिच्या ताटात ठेवली आणि समोर बसून राहिले, ती संपेपर्यंत. मी तिला माफ केलं नव्हतं. तिला भूक लागली होती.